दांडी वाकली नाही, गळा सुटलाय

काला झाला की सप्ताहातली वीणा देवळात खुंटीवर जाते. तारा तशाच ताणलेल्या. वर्षभराने ती उतरवली की तेरपासून तुळजापूरपर्यंत कुठल्याही भजनी मंडळात एकच निदान ऐकू येतं: ‘दांडी वाकली. घोडी घासून घ्या, जवारी लागेल.’ तंबोऱ्याचं आणि सतारीचंही तेच. ऐकून ऐकून कान किटले.

बहुतेक वेळा दांडी वाकलेली नसतेच. दांडी आणि भोपळा जिथे जोडतात, त्या गळ्याचा सांधा सुटलेला असतो. खात्री करायला कारागीर लागत नाही. दांडीच्या दोन्ही टोकांना दोरा ताणून धरा. तो लाकडाला सगळीकडे सारखा टेकला तर दांडी सरळ आहे. मग गळ्याजवळ पॉलिशमध्ये बारीक चीर दिसते का पाहा. स्वर लावून झाला तरी पुन्हा पुन्हा उतरतो का, तेही पाहा. मराठवाड्यातला कोरडा उन्हाळा आणि त्यामागून येणारी पावसाळी ओल लाकडाला सतत आकुंचवते, फुगवते. वर तारांचा ताण रात्रंदिवस. सांधा थकणारच.

मग घोडी घासून बिघडतं काय? सांधा सुटला की दांडी पुढे झुकते आणि तार घोडीवर ज्या कोनात टेकते तो कोन बदलतो. जवारी, म्हणजे उपस्वरांनी भरलेला नाद, याच टेकण्यावर उभी आहे. शंका असेल त्यांनी सी. व्ही. रामन यांचा भारतीय तंतुवाद्यांवरचा १९२१ चा निबंध काढून वाचावा. तंबोऱ्याच्या रुंद, किंचित गोलाई दिलेल्या घोडीला तार घासत कंपते, म्हणून त्यात इतके उपस्वर उमटतात, हे त्यांनी तिथे मांडलं. घासून आज जवारी लागेलही, पण सांधा उघडतच राहील. पुढे तो बसवला की ठेंगणी झालेली घोडी फेकावी लागेल. आजार मानेला आणि कातरी नखांना!

जुन्या आर्चटॉप गिटारवाल्यांचा हट्ट याच जातीचा. १९२३ मध्ये गिब्सन या गिटार कंपनीच्या थॅडियस मॅकह्यू यांना मानेतल्या लोखंडी सळईचं पेटंट मिळालं. तेव्हापासून सळई पिळली की सगळं सरळ होतं, अशी समजूत. सळई मानेचा बाक काढते. मान धडाला ज्या कोनात जोडलीय, तो कोन तिच्याने हलत नाही.

खरा इलाज सांधा उघडून पुन्हा बसवण्याचा. ‘उघडलं की वाद्याचा आत्मा जातो’ म्हणणाऱ्यांना सांगा, परंपरेने सांधा सरसाने चिकटवतात आणि सरस उष्णता-ओलीने सुटतो. जुना सरस खरवडायचा, कोन जुळवायचा, नवा सरस लावून आवळून ठेवायचं. जवारी सगळ्यांत शेवटी.

खिळा मारल्याने सांधा पक्का होत नाही, लाकूड चिरतं. एपॉक्सी ओतलं तर पुढच्या कारागिराला करवतच घ्यावी लागते. उन्हात ठेवल्याने आवाज ‘खुलत’ नाही, भोपळा तडकतो. आणि तारा सैल केल्याने वाद्य रुसत नाही.

सांधा बसवायला वाद्य मिरजेला न्या. तिथल्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तेर-तुळजापूरकडच्यांसाठी लातूर-मिरज लोहमार्ग धाराशिववरूनच जातो, वाटेत पंढरपूर लागतं. त्याच पंढरपूर-मंगळवेढा पट्ट्यातले भोपळे मिरजेत वाद्यांना लागतात. वाद्य नेताना तारा सैल करा आणि दांडी धरून उचलू नका, भोपळ्याखाली हात द्या.