आतड्याची हाक

आषाढात टोकावड्याच्या खाचरांत भाताची आवणी जोरात असते. दुपारी बांधावर बसून तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी आणि वर मूठभर भाजलेले शेंगदाणे खाल्ले, की माणसं पुन्हा चिखलात उतरतात. खाल्लेल्या जेवणाचं पुढे काय झालं, याची चौकशी कुणी करत नाही. पोटात मात्र खरी धांदल आता सुरू होते!

जठर भाकरीचा घुसळून घुसळून पातळ लगदा करतं. त्यात हायड्रोक्लोरिक आम्ल मिसळलेलं असतं. हा आंबट लगदा थोडाथोडा करून लहान आतड्याच्या पहिल्या, साधारण 25 सेंटिमीटरच्या भागात उतरतो. जठराला आम्ल सोसतं, आतड्याला नाही. शेजारच्या स्वादुपिंडाकडे त्यावर उपाय आहे. त्याच्या रसात बायकार्बोनेट असतं, आपल्या खाण्याच्या सोड्यात असतं तेच. (लिंबाच्या रसावर चिमूटभर सोडा टाकून पाहा, कसा फसफसतो!) पण रस नेमका आत्ताच सोडायचा, हे स्वादुपिंडाला सांगतं कोण?

रशियातले मोठे शास्त्रज्ञ पावलोव म्हणायचे, हा निरोप मज्जातंतूंमधून जातो. लंडनमधल्या विल्यम बेलिस आणि अर्नेस्ट स्टार्लिंग या मेहुण्या-मेहुण्यांनी जानेवारी 1902 मध्ये ते तपासायचं ठरवलं. भूल दिलेल्या कुत्र्याच्या आतड्याच्या एका भागाकडे जाणारे मज्जातंतू त्यांनी कापले, रक्तवाहिन्या तेवढ्या शाबूत ठेवल्या. मग त्या भागात आम्ल सोडलं. आता निरोप जायला नको होता ना? पण स्वादुपिंडातून रस टपकायला लागला! म्हणजे निरोप रक्तातून जात असणार. स्टार्लिंगने लगेच आतड्याचं अस्तर खरवडलं, वाळू आणि आम्ल घालून घोटलं, गाळलं आणि ते पाणी शिरेत टोचलं. पुन्हा रस! मला हा प्रयोग फार आवडतो. शंका आली आणि तिथल्या तिथे तिचा निकाल लावला.

त्या पाण्यात जे होतं, त्याला नाव मिळालं सिक्रेटिन. ते 27 अमिनो आम्लांची एक छोटी साखळी, म्हणजे पेप्टाइड आहे. अशा रक्तातून निरोप नेणाऱ्या रसायनांना आपण संप्रेरकं किंवा हॉर्मोन म्हणतो. सिक्रेटिन रक्तासोबत अंगभर फिरतं, मग फक्त स्वादुपिंडच जागं का होतं? टोकावड्याच्या नाक्यावर कुणी 'ए बाळ्या!' अशी हाक मारली, तर ऐकू सगळ्यांना येतं, मान वळते ती बाळ्याची. ज्या पेशींवर सिक्रेटिनला ओळखणारे ग्राहक असतात, त्याच पेशी त्याचं ऐकतात.

शेंगदाण्यांचं काय झालं? त्यातलं तेल आणि प्रथिनं आतड्यात पोचली, की कोलेसिस्टोकायनिन नावाचं दुसरं संप्रेरक सुटतं. नाव लांबलचक आहे, कामंही तितकीच! ते पित्ताशयाला आवळायला लावतं, मग पित्त येऊन तेलाचे बारीक बारीक थेंब करतं. स्वादुपिंडाकडून पाचक रस मागवतं. जठराला सांगतं, 'जरा दमानं सोड.' आणि मेंदूला कळवतं, 'आता पुरे.' मात्र पोट भरल्याची ही खबर पोचायला वेळ लागतो. भराभर जेवणारा तोवर एक भाकरी जास्तच खाऊन बसतो.

उलट, पोट रिकामं झालं की जठर घ्रेलिन सोडतं आणि भूक लागते. हे संप्रेरक 1999 साली जपानमध्ये सापडलं, म्हणजे तसं अगदी अलीकडे.

आणि उपाशीपोटी जे गुरगुरतं ना, त्यात मोटिलिन नावाच्या संप्रेरकाचा मोठा हात. पोट रिकामं असलं की साधारण दीड-दोन तासांनी जठरापासून आतड्यापर्यंत आकुंचनाची एक जोरदार लाट जाते. उरलेसुरले कण ती पुढे लोटते, त्यांच्यासोबत हवा आणि पाणीही सरकतं आणि भर वर्गात सगळ्यांना ऐकू जाईल असा आवाज होतो. तेव्हा लाजायचं कशाला? आत झाडलोट चालू आहे. काही खाल्लंत, की ती तेवढ्यापुरती थांबते.