सही जुळेना? तपासणी बंद करू नका!

उद्या प्रोजेक्टचा डेमो. लॉगिन होतंय, पण पुढच्या प्रत्येक रिक्वेस्टला सर्व्हरचं एकच उत्तर: 'इनव्हॅलिड सिग्नेचर'. मग ग्रुपमधलं कुणीतरी म्हणतंच, 'अरे, व्हेरिफिकेशनच बंद कर ना!' हे मात्र करू नका.

जेडब्ल्यूटी टोकनचे तीन भाग असतात: हेडर, पेलोड आणि सही. सहसा पहिले दोन गुप्त नसतात. ते कुणीही वाचू शकतं, बदलूही शकतं. तो बदल पकडते ती सही. तीच तपासली नाही, तर पेलोडमधल्या 'स्टुडंट'चं 'अॅडमिन' करायला कितीसा वेळ लागतो?

मग चूक शोधायची कुठे? आधी हेडरमधला अल्गोरिदम बघा. एचएस२५६ असेल तर दोन्हीकडे एकच गुप्त की लागते. आरएस२५६ असेल तर सही प्रायव्हेट कीने होते आणि तपासणी तिच्या जोडीच्या पब्लिक कीने. नंतर की तपासा. कॉपी करताना शेवटी आलेली एक स्पेससुद्धा घोळ घालते. की बेस६४मध्ये असेल, तर एक बाजू ती डिकोड करते आणि दुसरी तशीच वापरते, असं होत नाही ना? लॉगिन देणाऱ्या सर्व्हिसने की बदलली असेल, तर हेडरमधल्या 'केआयडी'वरून नवी की घ्या.

आणि कोणता अल्गोरिदम चालेल, हे तुमच्या कोडनेच ठरवायचं. टोकनला विचारून नव्हे!