रिपोर्ट डिलीट केला, डेटासेट तिथेच राहिला: पॉवर बीआयची वर्कस्पेस साफ करण्यापूर्वी



पीएच.डी.ला प्रवेश घेतला की प्रयोगशाळेत एक काम हमखास नवीन माणसाच्या गळ्यात पडतं, ते म्हणजे जुन्या लोकांनी मागे ठेवलेला डेटा आवरणं. आमच्याकडे हा डेटा मायक्रोसॉफ्टच्या पॉवर बीआयमध्ये होता. हे सॉफ्टवेअर खरं तर कंपन्यांच्या विक्री-खर्चाच्या विश्लेषणासाठी बनलेलं, पण आता बरेच संशोधन प्रकल्पही आपले डॅशबोर्ड त्यातच करतात. आजच्या लेखात त्यातले उरलेले, बेवारस दिसणारे डेटासेट कसे ओळखायचे, कुठले काढायचे आणि कुठल्यांना अजिबात हात लावायचा नाही, ते पाहू. शेवटच्या मुद्द्यात मी स्वतः चुकले आहे, म्हणून तो जरा सविस्तर सांगते.

हे डेटासेट उरतात कसे?

आधी रचना समजून घ्या. तुम्ही पॉवर बीआय डेस्कटॉपमध्ये फाइल तयार करून 'पब्लिश' करता तेव्हा वर्कस्पेसमध्ये एक नव्हे, दोन वस्तू तयार होतात. एक रिपोर्ट, म्हणजे डोळ्यांना दिसणारे आलेख आणि तक्ते. दुसरा डेटासेट, म्हणजे त्या आलेखांच्या पोटातला डेटा, त्यातली नाती आणि सूत्रं. नोव्हेंबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने डेटासेटचं नाव बदलून 'सिमँटिक मॉडेल' केलं, त्यामुळे जुन्या व्हिडिओत एक शब्द आणि स्क्रीनवर दुसरा दिसला तर गोंधळू नका. वस्तू तीच आहे.

आता खरी गंमत इथे आहे. रिपोर्ट डिलीट केला तर डेटासेट जात नाही, तो तसाच राहतो. पण डेटासेट डिलीट केला तर त्यावर उभे असलेले सगळे रिपोर्ट जातात, आणि त्या रिपोर्टांमधून डॅशबोर्डवर लावलेल्या टाइल्सही जातात. घराचा रंग खरवडला तर भिंत राहते, भिंत पाडली तर रंग कुठला राहणार?

दुसरं कारण नावाचं. पब्लिश करताना पॉवर बीआय फाइलच्या नावावरून जुळणी करतं. तेच नाव असेल तर 'जुनं बदलू का?' असं विचारतं. नाव जरा बदललं की सरळ नवा डेटासेट तयार होतो. 'विहिरी', 'विहिरी_फायनल', 'विहिरी_फायनल_२' अशी साखळी प्रत्येक लॅबमध्ये असते, आणि तिची प्रत्येक कडी म्हणजे वर्कस्पेसमधला एक वेगळा डेटासेट.

राहू द्या की, बिघडतं काय?

हा प्रश्न मलाही पडला होता. तीन गोष्टी बिघडतात.

१. जागा. प्रो लायसन्सवर एका डेटासेटची मर्यादा १ जीबी आणि वर्कस्पेसची १० जीबी असते. सेन्सरचा डेटा असेल तर ती भरायला वेळ लागत नाही.

२. रिफ्रेश. डेटासेटला ठरावीक वेळी ताजा करण्याचं वेळापत्रक लावलेलं असतं. ज्याने ते लावलं तो विद्यार्थी निघून गेला, त्याचं खातं बंद झालं, की रिफ्रेश फसू लागतो. लागोपाठ चार वेळा फसला की पॉवर बीआय वेळापत्रकच बंद करतं. रिपोर्ट मात्र जुने आकडे तसेच दाखवत राहतो. अशा वेळी सेटिंगमधून डेटासेट 'टेक ओव्हर' करून आपली लॉगिन माहिती भरावी लागते.

३. चुकीचा आकडा. संशोधनात सगळ्यात धोक्याचं हेच. दोन सारख्या नावांच्या डेटासेटपैकी एकात दुरुस्ती केलेली असते, दुसऱ्यात नसते. तुम्ही घाईत दुसऱ्यावरून आलेख काढता आणि तो प्रगती अहवालात जातो. समितीसमोर 'हा आकडा कुठून आला?' असं विचारलं की घाम फुटतो.

म्हणजे साफसफाई हवीच. प्रश्न आहे तो क्रमाचा.

माझी चूक

आमचा प्रकल्प भूजलाचा. सहा विहिरींत पाण्याची पातळी मोजणारे लॉगर बसवलेले, दर तासाला एक नोंद. मी दुसऱ्या वर्षाला असताना वर्कस्पेसमध्ये चौदा डेटासेट होते आणि रिपोर्ट फक्त पाच. एका शनिवारी मी आवरायला बसले. लिनिएज व्ह्यू उघडला. या व्ह्यूमध्ये कुठल्या स्रोतातून कुठला डेटासेट येतो आणि त्यावर कुठले रिपोर्ट उभे आहेत, ते बाणांनी दिसतं. ज्यांच्यापुढे एकही बाण नव्हता असे सहा डेटासेट मी बेधडक उडवले. त्यात एक होता 'टेस्ट_नवीन'. नावच सांगत होतं की हा चाचणीचा आहे.

तीन महिन्यांनी सरांनी चार नंबरच्या विहिरीच्या फेब्रुवारी ते मे या महिन्यांच्या नोंदी मागितल्या. मी फोल्डर शोधला, हार्ड डिस्क शोधली, नोंदी नाहीत. शेवटी आधीच्या प्रोजेक्ट असिस्टंटला फोन केला.

"दादा, चार नंबरच्या कच्च्या फाइल्स कुठे ठेवल्या होत्या?"

"अगं, त्या पॉवर बीआयवर टाकल्या होत्या ना! 'टेस्ट_नवीन' म्हणून. तोच बॅकअप समजून मी लॅपटॉप फॉरमॅट करून विभागात जमा केला."

लॉगरची मेमरी केव्हाच नव्याने सुरू केलेली होती. त्या डेटासेटचा रिपोर्ट कुणीतरी आधीच काढून टाकला होता, म्हणून तो बेवारस दिसत होता. प्रत्यक्षात त्या चार महिन्यांची जगातली एकमेव प्रत तीच होती.

बेसाल्टच्या भागात विहिरींची पातळी उन्हाळ्यातच तळाला जाते, आणि पावसाळ्यानंतर किती भरण झालं हे त्या तळावरूनच मोजतात. म्हणजे गेले ते नेमके सगळ्यात मोलाचे चार महिने. माझ्या प्रबंधात त्या विहिरीच्या आलेखात आज रिकामी जागा आहे आणि तिच्याखाली 'नोंदी उपलब्ध नाहीत' असं मी स्वतःच्या हाताने लिहिलं आहे.

यातून काय समजायचं?

बाण नाही म्हणजे उपयोग नाही, असं नसतं. लिनिएज व्ह्यू पुढचं दाखवतो, म्हणजे या डेटासेटवर कोण उभं आहे ते. मागचा प्रश्न आपण विचारायचा असतो: हा डेटा ज्या फाइलमधून आला, ती फाइल आज अस्तित्वात आहे का? व्ह्यूमध्ये स्रोताचं नाव दिसतं, पण ते नाव म्हणजे फक्त पत्ता. त्या पत्त्यावर घर शिल्लक आहे की नाही, ते जाऊनच पाहावं लागतं.

'इम्पोर्ट' पद्धतीत डेटाची प्रत डेटासेटमध्ये येऊन बसते. मूळ फाइल गेली तरी ही प्रत राहते. 'डायरेक्ट क्वेरी'त प्रत नसतेच, प्रत्येक वेळी मूळ ठिकाणी विचारणा होते. म्हणून इम्पोर्टचा जुना डेटासेट दिसला की त्याला कचरा न समजता आधी साक्षीदार समजा.

आता मी काम कसं करते?

१. आधी यादी. प्रत्येक डेटासेटचं नाव, मालक, शेवटचा रिफ्रेश, इम्पोर्ट की डायरेक्ट क्वेरी, स्रोत आणि त्यावरचे रिपोर्ट, हे सगळं साध्या एक्सेलमध्ये लिहून काढा. त्या दिवशी काहीही डिलीट करायचं नाही.

२. 'रिफ्रेश नाऊ' दाबू नका. बघू चालतंय का, म्हणून हात शिवशिवतो. पण पूर्ण रिफ्रेशमध्ये जुना डेटा जाऊन नवा बसतो. स्रोत फाइलमध्ये कुणी यंदाच्या नोंदी भरल्या असतील, तर गेल्या वर्षीच्या नोंदी तुमच्या एका क्लिकने जातील. वेळापत्रक चालू असेल तर तेही थांबवा, मात्र तो रिपोर्ट वापरणाऱ्यांना आधी सांगा.

३. माणसांना विचारा. कुणाच्या लॅपटॉपवरची एक्सेल फाइल या डेटासेटला जोडलेली असू शकते, आणि ती लिनिएजमध्ये दिसेलच असं नाही. गाइड, सध्याचे सहकारी आणि सोडून गेलेला माणूस, तिघांनाही विचारा. फोन पाच मिनिटांचा असतो. मी तो तीन महिने उशिरा केला.

४. कच्च्या फाइलशी ताळा करा. फाइल सापडली तर उघडून ओळींची संख्या आणि पहिली-शेवटची तारीख डेटासेटशी जुळवा. फाइल सापडली नाही तर डेटा बाहेर काढा. इथे एक खड्डा आहे. रिपोर्टमधून सीएसव्हीत जास्तीत जास्त ३०,००० ओळी निघतात, एक्सेलमध्ये १,५०,०००. आमच्या एका विहिरीच्या वर्षभराच्या नोंदी ८,७६०, सहा विहिरींच्या मिळून ५२,५६०. सरसकट सीएसव्ही काढली असती तर जवळजवळ निम्मा डेटा मागेच राहिला असता. म्हणून विहीरवार किंवा महिनावार तुकडे करून काढा आणि बेरीज जुळवा.

५. लगेच काढू नका, बाजूला ठेवा. डेटासेटचं नाव बदलून 'काढायचा_तारीख' असं करा. नाव बदलल्याने त्यावरचे रिपोर्ट तुटत नाहीत, कारण जोडणी नावावर नसून आतल्या ओळख क्रमांकावर असते. निदान एक प्रगती बैठक होऊ द्या. कुणी ओरडलं नाही तर पुढे जा.

६. डिलीट करा आणि नोंद ठेवा. काय काढलं, कधी, कुणाला विचारून, कच्ची फाइल कुठे आहे, हे यादीत लिहा. परत मिळेल या भरवशावर डिलीटचं बटण कधीच दाबू नका.

पुन्हा कचरा होऊ नये म्हणून

चाचणी स्वतःच्या 'माय वर्कस्पेस'मध्ये करा, प्रकल्पाच्या वर्कस्पेसमध्ये नको. एकच नीट तपासलेला डेटासेट ठेवा आणि वेगवेगळे रिपोर्ट त्यालाच जोडा. सगळ्यांना 'कॉन्ट्रिब्युटर' करू नका, कारण त्या भूमिकेतला माणूस डिलीटही करू शकतो. ज्यांना फक्त पाहायचं आहे त्यांना 'व्ह्यूअर' पुरे. आणि पॉवर बीआयला बॅकअप समजू नका. कच्च्या नोंदी, जशा यंत्रातून आल्या तशा, दोन वेगळ्या ठिकाणी हव्यात.

मित्रांनो, तुम्हीही एक दिवस प्रयोगशाळा सोडून जाणार आहात. तेव्हा तुमच्या मागे कुणीतरी शनिवारी आवरायला बसेल आणि तुमच्या डेटासेटची नावं वाचेल. तिला फोन करावा लागू नये इतकं तरी त्या नावात लिहून ठेवा. 'टेस्ट_नवीन' नको. 'विहीर ४, फेब्रुवारी ते मे, कच्च्या फाइलची दुसरी प्रत नाही' एवढं लिहिलेलं असतं, तर माझा हात नक्की थांबला असता.