पन्हाळा–विशाळगडाची वाट आणि श्रीअरविंदांचे ‘बाजी प्रभू’

मराठीच्या परंपरेतून न आलेल्या अभ्यासकास पावनखिंडीचा परिचय होतो तो पुष्कळदा श्रीअरविंदांच्या ‘बाजी प्रभू’ या इंग्रजी कथाकाव्यातून. १९१० मध्ये ‘कर्मयोगिन्’मधून प्रसिद्ध झालेले हे काव्य दख्खनच्या रखरखीत माध्यान्ही सुरू होते. ओढे आटलेले आहेत, शेते तहानलेली आहेत. मूळ प्रसंग मात्र जुलै १६६० चा, म्हणजे ऐन आषाढातला. सिद्दी जौहरच्या वेढ्यातून शिवाजी महाराज पन्हाळ्याहून निसटले ते भर पावसाळी रात्री.

या विसंगतीला अज्ञान म्हणता येणार नाही. कवीची तेरा वर्षे बडोद्यात गेली होती. शिवाय त्या एका पराक्रमापलीकडे ऐतिहासिक अचूकता जपण्याचा प्रयत्न केलेला नाही, असे त्यांनी टिपणात स्वतःच नमूद केले आहे. तहानलेली भूमी हे पारतंत्र्याचे रूपक आहे आणि रूपकाला पाऊस परवडत नाही. प्रश्न एवढाच, की पावसाबरोबर आणखी काय वगळले गेले?

त्याचे उत्तर वाटेवर मिळते. पन्हाळ्याहून निघालेला पदयात्री प्रथम मसाई पठारावर येतो. जांभ्या खडकाचे हे विस्तीर्ण सपाट पठार आषाढात पाण्याने आणि धुक्याने असे भरून जाते, की दिवसाही दिशा हरवते. पुढे खोतवाडी, करपेवाडी, आंबेवाडी अशा वाड्यांमधून वाट रानात शिरते. निसरडी तांबडी माती, पायाला लागणाऱ्या जळवा आणि दर थोड्या अंतरावर फुगलेला ओढा. चालण्याचा वेग आपण ठरवत नाही, ओढे ठरवतात. सुमारे साठ किलोमीटरच्या या वाटेला आजचे पदयात्री, तेही उजेडी, सामान्यतः दोन दिवस घेतात.

श्रीअरविंदांच्या काव्यात कथन सुरू होते तेव्हा पलायन संपत आलेले असते; खिंड हे त्याचे एकमेव रंगस्थल. थर्मोपिलीपासून चालत आलेल्या ‘खिंड लढवण्याच्या’ पाश्चात्त्य कथाबंधाशी हे जुळते. प्रत्यक्षात घोडखिंडीत उभे राहिलेले बाजीप्रभू आणि बांदलांचे मावळे रात्रभर चिखल तुडवून आलेले होते. त्यांचे शौर्य चालण्यापासून वेगळे काढता येत नाही, आणि पाठलागावरच्या घोडदळाचा वरचष्मा ज्या भूमीने हिरावून घेतला ती भूमीही या कथेत एक पात्रच आहे. (दरवर्षी जुलैत हजारो तरुण ही वाट चालतात. त्यांना हे सांगावे लागत नाही.)

२०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठा लष्करी भूप्रदेशातील बारा किल्ले समाविष्ट झाले. त्यांत पन्हाळा आहे. विशाळगड नाही, आणि दोहोंना जोडणारी ही वाटही नाही. तिचा काही भाग आज डांबरी सडकेखाली गेला आहे.