विश्लेषण : उद्योगांना मिळणाऱ्या सवलतींची हमी किती?

नवी दिल्ली : एखादा मोठा प्रकल्प एका राज्याऐवजी दुसऱ्या राज्यात गेल्याची बातमी आली की आरोप-प्रत्यारोपांना उधाण येते. वेदान्त-फॉक्सकॉनचा सेमीकंडक्टर प्रकल्प गुजरातमध्ये होणार असल्याचे सप्टेंबर २०२२ मध्ये जाहीर झाले, तेव्हा महाराष्ट्राने हे अनुभवले. पुढे जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉननेच या भागीदारीतून अंग काढून घेतले. अशा वादात एक मूलभूत प्रश्न मात्र बाजूला राहतो : सरकार उद्योगाला देऊ करते ती सवलत प्रत्यक्षात कशी मिळते आणि तिची हमी किती?

सवलतींचे दोन प्रकार

काही सवलती आरंभीच पदरात पडतात. कमी दरातील जमीन, मुद्रांक शुल्कमाफी, रस्ता व पाण्याची सोय या त्यांपैकी होत. इतर सवलती वर्षानुवर्षे, टप्प्याटप्प्याने मिळतात. राज्य वस्तू व सेवा कराचा (जीएसटी) परतावा, वीज शुल्कातील सूट, व्याजावरील अनुदान यांचा त्यांत समावेश होतो.

परताव्याचा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. कंपनीने आधी गुंतवणूक करायची, उत्पादन सुरू करून कर भरायचा आणि मग दावा दाखल करायचा. सरकार तो अर्थसंकल्पातील तरतुदीतून चुकता करते. म्हणजे ही रक्कम हाती आलेली रोकड नसून भविष्यातील तिजोरीवर काढलेले वचन असते.

महाराष्ट्रात १९६४ पासून सामूहिक प्रोत्साहन योजना राबवली जाते. मुंबई-ठाणे-पुणे पट्ट्यात एकवटलेले उद्योग राज्याच्या इतर भागांत जावेत, हा तिचा मूळ हेतू. त्यासाठी तालुक्यांची 'अ' पासून 'ड' व 'ड अधिक' पर्यंत वर्गवारी करण्यात आली असून तालुका जितका मागास तितकी सवलत अधिक असते.

राज्याराज्यांतील चढाओढ

विक्रीकर माफ करून उद्योग खेचण्याच्या स्पर्धेत सर्वच राज्यांचा महसूल घटतो, हे ओळखून नोव्हेंबर १९९९ मध्ये मुख्यमंत्र्यांच्या परिषदेत तोडगा निघाला. १ जानेवारी २००० पासून विक्रीकरावर आधारित सवलती बंद करण्याचे ठरले. स्पर्धा मात्र थांबली नाही. तिने अनुदानाचे रूप घेतले. साणंद येथील मायक्रॉनच्या २.७५ अब्ज डॉलरच्या प्रकल्पात केंद्राचे सहाय्य ५० टक्के, तर गुजरात सरकारचे २० टक्के आहे. कंपनीच्या वाट्याला उरतात ३० टक्के.

वचन बदलते तेव्हा

केंद्र सरकारने २००३ मध्ये उत्तराखंड व हिमाचल प्रदेशातील नव्या उद्योगांना दहा वर्षे उत्पादन शुल्कमाफी जाहीर केली. त्यानंतर हरिद्वार, पंतनगर व बद्दी येथे कारखाने उभे राहिले. बजाज ऑटोने २००७ मध्ये पंतनगरला उत्पादन सुरू केले आणि त्याच वर्षी आकुर्डीतील वाहन उत्पादन थांबवले.

जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला आणि उत्पादन शुल्कासोबत ही माफीही संपुष्टात आली. उरलेल्या मुदतीसाठी केंद्राने रोखीने भरलेल्या केंद्रीय जीएसटीच्या ५८ टक्के व एकात्मिक जीएसटीच्या २९ टक्के परतावा देऊ केला. पूर्ण लाभाची मागणी घेऊन हीरो मोटोकॉर्प सर्वोच्च न्यायालयात गेली. कायद्याच्या विरोधात सरकारला जुन्या वचनाने बांधता येत नाही, असा निर्वाळा न्यायालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये दिला.

पश्चिम बंगालने २०२५ मध्ये त्याही पुढचे पाऊल टाकले. १९९३ पासूनच्या योजनांतील प्रोत्साहने कायदा करून मागे घेण्यात आली. त्याला उद्योगांनी कोलकाता उच्च न्यायालयात आव्हान दिले.

जोखीम कोणाची?

मोठी कंपनी वकील उभा करू शकते, प्रसंगी दुसरीकडे जाऊही शकते. तिच्या भरवशावर कर्ज काढून शेजारी सुटे भाग बनवणारा लघुउद्योजक आणि तेथे कामाला लागलेला कामगार यांना तो मार्ग नसतो. दुसरीकडे, परताव्याचा प्रत्येक रुपया शाळा, रस्ते व आरोग्य यांवर होऊ शकणाऱ्या खर्चातूनच येतो. त्यामुळे सवलत देणेही जोखमीचे आणि दिलेली मागे घेणेही.

म्हणूनच कराराच्या घोषणेवेळी गुंतवणुकीचा आकडा पाहणे पुरेसे नाही. सवलत किती वर्षे मिळणार, तिच्या बदल्यात किती रोजगार बंधनकारक आहेत, अट मोडल्यास वसुली होणार का आणि मागील दाव्यांची थकबाकी किती, हे चार प्रश्न विचारले, तर प्रकल्प 'मिळाला' की 'गेला' या वादापलीकडचे चित्र स्पष्ट होते.