आधी प्रश्न, मग मेण

नाताळ उलटला की आमच्या धर्मग्रामात लग्नांची घाई सुरू होते. उपवासकाळ लागण्यापूर्वी कार्य उरकून घ्यावे, अशी आपल्याकडील जुनी रीत आहे. या दिवसांत घरातच एक खोली मांडून वधूंना सजविणाऱ्या आमच्या भगिनींस क्षणाची उसंत नसते. या कसबावर कित्येक घरांच्या चुली पेटतात, हे आम्ही जवळून पाहिले आहे. म्हणून त्यातील एका नाजूक कामाविषयी, म्हणजे भुवयांवर मेण लावून केस काढण्याविषयी, आज चार शब्द लिहिण्याचे योजिले आहे. फादरांना यातले काय कळते, असे कोणी म्हणेल. आणि ते खरेही होते. परंतु काही वर्षांपूर्वी घडलेल्या एका प्रसंगाने आम्हांस हा विषय समजून घेण्यास भाग पाडले.

लग्नाला चार दिवस उरले असता एक वधू कागदपत्रांवर सही करण्यासाठी आईसह आमच्याकडे आली. तिने ओढणी कपाळावर ओढून घेतली होती. ओढणी सरकली तेव्हा दिसले की दोन्ही भुवयांखालचे कातडे सोलून निघाले आहे आणि तेथे तांबडे, ओलसर चट्टे पडले आहेत. त्याच संध्याकाळी ते काम करणारी बाईही आली. ती रडत म्हणाली, "फादर, मेण गरम नव्हते हो. रोज करते तसेच केले." ती खरे बोलत होती. पुढे त्वचारोगाच्या डॉक्टरांनी खोदून विचारले तेव्हा उलगडा झाला. ती मुलगी तीन महिने रोज रात्री गोरे होण्यासाठी एक मलम चोळीत होती. बाईने विचारले नव्हते आणि मुलीने सांगितले नव्हते, कारण तिच्या लेखी ते औषध नव्हतेच. जखम भरली, पण काळसर डाग कित्येक महिने राहिले. दोन शेजारघरांचे बोलणे तुटले, आणि त्या मोसमात त्या बाईच्या दारी दुसरे गिऱ्हाईक फिरकले नाही.

हे असे का घडते, ते आधी पाहू. पापणीचे कातडे आपल्या शरीरातील सर्वांत पातळ असते. त्याची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर भरते. मेण केसाला धरते, तसेच त्वचेच्या सर्वांत वरच्या, मृत पेशींच्या थरालाही धरते. पट्टी ओढली की केसाबरोबर तो थरही थोडासा निघून येतो. निरोगी त्वचा एवढे सोसते. तथापि मुरुमांवर देण्यात येणारी ट्रेटिनॉइन किंवा अ‍ॅडापॅलीन यांसारखी मलमे वापरणाऱ्यांचा हा वरचा थर नाजूक झालेला असतो. अशा ठिकाणी मेण लावले की खालचे जिवंत कातडेच उचलले जाते. आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्यांचा परिणाम तर याहून खोल जातो. त्या चालू असताना आणि बंद केल्यावर निदान सहा महिने मेण वर्ज्य मानावे, असे वैद्यकशास्त्र सांगते. नुसते मलम असेल, तर ते काही दिवस आधी थांबवावे लागते. पण किती दिवस, हे ज्या डॉक्टरांनी ते दिले त्यांसच विचारावे.

गोरेपणाच्या मलमांची गोष्ट अधिक फसवी आहे. बाजारात खपणाऱ्या कित्येक नळ्यांत ट्रेटिनॉइन, हायड्रोक्विनोन आणि स्टिरॉइड अशी तीन औषधे एकत्र असतात. स्टिरॉइड दीर्घकाळ चोळल्याने कातडे पातळ होते आणि त्याखालच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या दुबळ्या होतात. सरकारने 2018 साली अशी 14 स्टिरॉइडे डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकू नयेत असा नियम केला. नियम झाला, पण मैत्रिणीच्या सांगण्यावरून नळी आणण्याची सवय काही सुटली नाही.

म्हणून या कामातील सर्वांत मोठी खबरदारी मेणाच्या भांड्यापाशी येण्यापूर्वीच घ्यावयाची असते. "काही औषध चालू आहे का?" असे विचारले की दहांतील नऊ जणी "नाही" म्हणतात, आणि त्या खोटे बोलत नसतात. विचारावे ते असे: "ताई, रात्री तोंडाला काय लावता? ती नळी दाखवाल का?" त्याच बैठकीत आणखी काही विचारून घ्यावे. मुरुमांच्या गोळ्या घेतल्या आहेत काय? अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा वॉरफरिन यांसारखी रक्त न गोठू देणारी औषधे चालू आहेत काय? असल्यास साध्या ओढीनेही कातडे काळेनिळे पडते. मात्र "दोन दिवस गोळी बंद ठेवा," असा सल्ला चुकूनही देऊ नये; ती गोळी हृदयासाठी असू शकते. मधुमेह आहे काय? जखम भरण्यास वेळ लागेल. कोड आहे काय? कातडीला इजा झालेल्या जागी कधी कधी नवा डाग उठतो. डोळ्याजवळ फोड किंवा पुरळ असेल, अथवा उन्हाने चेहरा भाजला असेल, तर त्या दिवशी काम करूच नये.

आणखी एक प्रश्न वरवर अप्रस्तुत वाटेल: "जखमेवर चिकटपट्टी लावली की खाज सुटते काय?" पुष्कळ प्रकारच्या मेणांत चीड वृक्षाच्या चिकापासून काढलेली राळ घातलेली असते आणि तीच राळ कित्येक चिकटपट्ट्यांतही वापरतात. जिला पट्टी सोसत नाही, तिला मेणही सोसेल याचा भरवसा नाही. याकरिता हाताच्या आतल्या बाजूस किंवा कानामागे मेणाचा छोटासा ठिपका लावून, काढून, एक-दोन दिवस वाट पाहावी. खाज आणि लाली पुष्कळदा दुसऱ्या दिवशी उठते, हे ध्यानात ठेवले म्हणजे लग्नाच्या आदल्या रात्री ही परीक्षा का घेऊ नये ते निराळे सांगावयास नको. परीक्षा पंधरवडा आधी आणि प्रत्यक्ष काम तीन-चार दिवस आधी, असा क्रम ठेवावा.

आता हाताच्या कौशल्याकडे वळू. कातडे काळेनिळे पडते ते बहुधा ओढण्याच्या चुकीने. पट्टी वर उचलून ओढली की सैल कातडे तिच्याबरोबर ताणले जाते आणि आतल्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात. यासाठी एका हाताच्या दोन बोटांनी कातडे घट्ट ताणून धरावे. भुवईचा खालचा भाग करताना भुवई किंचित वर आणि कानशिलाकडे ओढून धरावी, लागल्यास गिऱ्हाइकाच्या बोटाची मदत घ्यावी. मेण केसाच्या दिशेने, पातळ आणि अरुंद लावावे. काढताना उलट दिशेने, कातड्याला समांतर, एका झटक्यात ओढावे आणि लगेच त्या जागी बोट दाबून धरावे. एकाच जागी दुसऱ्यांदा मेण लावू नये. उरलेले दोन-चार केस चिमट्याने काढावेत.

मेणाची ऊब प्रत्येक वेळी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूस पाहावी. मधासारखे संथ ओघळेल इतकेच ते पातळ असावे. कापडी पट्टीवाचून निघणारे घट्ट मेण केसाला अधिक आणि कातड्याला कमी धरते, म्हणून भुवयांना ते बरे. भांड्यात बुडविलेली काडी कातड्याला लागली की टाकून द्यावी. तीच पुन्हा बुडवू नये. मेणाच्या उबेने जंतू मरतात ही समजूत चुकीची आहे. एकीचा संसर्ग त्या भांड्यातून दुसरीस जाऊ शकतो.

काम झाल्यावर थंड पाण्यात पिळलेले स्वच्छ फडके काही मिनिटे ठेवावे. त्या दिवशी रंगरंगोटी, सुगंधी क्रीम, वाफ आणि कडक ऊन टाळावे. थोडी लाली काही तासांत निवळते. कातडे सोललेच, तर काम तेथेच थांबवावे. ती जागा थंड पाण्याने धुऊन व्हॅसलीनचा पातळ हात द्यावा. हळद, लिंबू किंवा टूथपेस्ट लावू नये. सावळ्या कातड्यावर अशा जखमेचा काळा डाग सहज उमटतो आणि उन्हाने गडद होतो, म्हणून जखम भरेपर्यंत ऊन लागू देऊ नये. मेण पापणीच्या केसांना चिकटल्यास ओढू नये. तेलाच्या बोटाने हळूहळू सोडवावे. डोळ्यात गेल्यास भरपूर स्वच्छ पाण्याने धुऊन डॉक्टरांकडे न्यावे. सूज, फोड किंवा पू दिसला तरीही तसेच करावे.

या साऱ्यांत सर्वांत कठीण आहे तो नकार. दारी आलेल्या गिऱ्हाइकास "तुमच्या कातड्याला मेण चालणार नाही," असे सांगणे म्हणजे त्या दिवसाच्या मिळकतीवर पाणी सोडणे, असे वाटते. पण दोरा आणि चिमटा हाताशी असतातच. ते कातड्याला चिकटत नाहीत, म्हणून जपून वापरले असता अशा वेळी तेच उपयोगी पडतात.

ती बाई आजही हेच काम करते. मेणाच्या भांड्याशेजारी तिने एक वही ठेवली आहे आणि प्रत्येकीची उत्तरे ती तीत लिहून घेते. गेल्या मोसमात तिने दोन वधूंना मेण लावण्यास साफ नकार दिला आणि दोऱ्याने भुवया करून दिल्या. त्यांतील एक प्रथम रुसली होती. लग्नानंतर महिन्याभराने तिनेच आपल्या धाकट्या बहिणीला त्या दारी पाठविले. येताना तोंडाला लावावयाची नळी बरोबर घेऊन जा, असे बजावून.