तूप बंद, तरी चरबी कशी?

‘तेल-तूप सोडले, दारूला कधी शिवलो नाही, मग लिव्हरवर चरबी कशी?’ असे चंद्रपूर-गडचिरोलीकडचे रुग्ण मला विचारतात. उत्तर आपल्या अंगणात आहे. कोंबडीला आपण तांदळाची कणी टाकतो. कणीत चरबी नाममात्र असते. तरी पोसलेल्या कोंबडीच्या पोटात पिवळी चरबी निघतेच.

भातातील पिष्टाची साखर होऊन ती रक्तात येते. इन्शुलिन हे संप्रेरक ती साठवायला लावते. यकृतात सुमारे १०० ग्रॅम ग्लायकोजेन मावते. हे कोठार भरले, की जादा साखरेपासून चरबी बनू लागते. डुकरात हे काम मुख्यतः चरबीच्या पेशी करतात; कोंबडीत आणि माणसात यकृत. तयार चरबी रक्तावाटे शरीरभर जाते. काही यकृतातच साचते. चहातल्या साखरेचा निम्मा भाग फ्रुक्टोज असतो. त्याची चरबी यकृतात अधिक सहज होते.

रोवणीत राबणाऱ्याचे स्नायू साखर जाळतात. बसून खाणाऱ्याची साठते. म्हणून तुपाबरोबर साखरही मोजा, भात बेताने घ्या, रोज चाला. सुरुवातीलाच वजन उतरवले, तर यकृतावरची चरबीही उतरते. मात्र मधुमेह असल्यास आहार डॉक्टरांच्या सल्ल्यानेच बदलावा.